१८१२चं अमेरिका–ब्रिटन युद्ध: कारणं, परिणाम आणि मुंबईच्या गोदीशी असलेला खरा संबंध

मिऱ्याकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. ग्रंथालयातल्या मुलांसाठी 'मुंबईची गोदी आणि जग' या विषयावर फलक तयार होत आहेत. त्यातला एक फलक १८१२ ते १८१५ च्या अमेरिका–ब्रिटन युद्धावर आहे. या युद्धाबद्दल मराठीत जे संदेश फिरतात त्यांत तीन वाक्यं हमखास असतात:

अ) अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं गेलं.
आ) अमेरिकनांनी मुंबईच्या गव्हर्नरला भर समुद्रात कैद केलं.
इ) या युद्धातली शेवटची लढाई मुंबईच्या जहाजाने दिली.

यातलं किती खरं? आणि मुळात युद्ध पेटलं कशावरून? 'इंग्रज अमेरिकन खलाशी पळवत होते' एवढंच कारण बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. तेवढं पुरेसं आहे का? फलकावर साधारण २०० शब्द मावतील, पण लिहिण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे. चुकीचं वाक्य एकदा भिंतीवर लागलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं.

सुकाणू

आधी एक घोळ निस्तरू. १७७५–८३ चं युद्ध अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं. त्या काळात आपल्याकडे पहिलं इंग्रज–मराठा युद्ध चालू होतं. १८१२ चं युद्ध त्यानंतर ३० वर्षांनी झालं, तोवर अमेरिका स्वतंत्र देश होता. फलकावर दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आता कारणं. नेपोलियन आणि ब्रिटन एकमेकांची रसद तोडायला बसले होते, हे धरून चाललं तरच बाकीचं कळतं. नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढलं: ब्रिटिश बेटांची नाकेबंदी. ब्रिटनने नोव्हेंबर १८०७ मध्ये उत्तर दिलं: तटस्थ देशाच्या जहाजाला फ्रान्सच्या ताब्यातल्या बंदरात जायचं असेल तर आधी ब्रिटिश बंदरात यावं, कर भरावा, परवाना घ्यावा. लगेच डिसेंबरात नेपोलियनचं मिलानचं फर्मान आलं: जे जहाज इंग्रजांना झडती देईल किंवा कर भरेल ते इंग्रजांचंच समजून जप्त होईल. म्हणजे बॉस्टनहून निघालेल्या गलबताने परवाना घेतला तर फ्रेंच धरणार, नाही घेतला तर इंग्रज धरणार. कायदेशीर वाट उरलीच नाही.

कोकणच्या वाचकाला हे पटकन समजावायचं तर पोर्तुगीजांच्या कर्ताझची आठवण करून द्या. समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, तरी दस्तक घेतल्याशिवाय माल न्यायचा नाही. फरक इतकाच की अमेरिकनांना एकाच समुद्रात दोन कर्ताझवाले भेटत होते आणि एकाचं दस्तक दुसऱ्याच्या लेखी गुन्हा होता.

खलाशांचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो एकतर्फी सांगू नये. ब्रिटिश आरमाराला माणसं कमी पडत. पगार तुटपुंजा, शिस्त कडक, वर्षानुवर्षं घर नाही. म्हणून बंदरांत आणि भर समुद्रात व्यापारी जहाजांवरची ब्रिटिश माणसं जबरदस्तीने उचलण्याची जुनी पद्धत होती. शब्दशः वेठीला धरणं. अमेरिकन व्यापारी जहाजांवर पगार बराच जास्त, त्यामुळे ब्रिटिश खलाशी पळून तिकडे जात. अमेरिकेचे अर्थमंत्री गॅलाटिन यांनी १८०७ मध्येच हिशेब मांडला होता की अमेरिकन जहाजांवर सुमारे ९,००० ब्रिटिश खलाशी आहेत. ते सोडले असते तर अमेरिकेचा परदेशी व्यापार लंगडा झाला असता. न सोडले तर इंग्रजांचं आरमार अडत होतं.

त्यात कायद्याचा पेच. ब्रिटनचं म्हणणं, जन्माने जो आमचा प्रजाजन तो मरेपर्यंत आमचा. अमेरिकेचं म्हणणं, आम्ही नागरिकत्व दिलं म्हणजे तो आमचा. १७९६ पासून अमेरिका आपल्या खलाशांना नागरिकत्वाचे दाखले देत होती. पण दाखल्यावर वर्णन मोघम असे, तो सहज विकला जाई, त्यामुळे ब्रिटिश अधिकारी त्याला भीक घालत नसत. भाषा एक, चेहरेपट्टी एक. मग खरे अमेरिकनही उचलले जात. एकूण आकडा ६ ते १० हजारांच्या दरम्यान धरतात.

२२ जून १८०७ ला तर हद्द झाली. नॉरफोकजवळ 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेने 'चेसापीक' या अमेरिकन *युद्धनौकेला* थांबवून झडती मागितली आणि नकार मिळताच तोफा डागल्या. ३ ठार, १८ जखमी, ४ जण उचलून नेले. व्यापारी जहाजाची झडती वेगळी, दुसऱ्या राष्ट्राच्या युद्धनौकेची वेगळी. 'चेसापीक'ची अवस्था काय होती तेही कळायला हवं: लांबच्या सफरीचं सामान डेकवर पसरलेलं, तोफा सज्ज नाहीत. जेमतेम एक तोफ उडाली.

अमेरिकेने यावर जो उपाय केला तो स्वतःलाच भोवला. डिसेंबर १८०७ च्या बंदीहुकमाने आपलीच जहाजं बंदरात बांधून ठेवली. निर्यात १८०७ मध्ये १०.८ कोटी डॉलर होती, ती १८०८ मध्ये २.२ कोटींवर आली. इंग्रज झुकले नाहीत, पण न्यू इंग्लंडची (अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या राज्यांची) बंदरं बसली. जहाज धक्क्याला बांधलं की तांडेलापासून दोर वळणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल थंडावते, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

वेंगुर्ले पेठ

सुकाणूंनी समुद्राची बाजू नेमकी मांडली. जमिनीची बाजू मात्र राहिली, आणि ती नसेल तर अमेरिकन संसदेत युद्धावर झालेल्या मतदानाचा अर्थ लागत नाही. प्रतिनिधिगृहात युद्धाच्या बाजूने ७९, विरोधात ४९. सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. ज्यांची जहाजं पकडली जात होती त्या न्यू इंग्लंडचाच सगळ्यात जास्त विरोध, आणि ज्यांना समुद्र माहीत नाही अशा पश्चिम-दक्षिणेकडचे हेन्री क्ले, जॉन कॅल्हून यांच्यासारखे तरुण प्रतिनिधी युद्धासाठी आग्रही. असं का?

पश्चिमेकडे वसाहतवाल्यांना मूळ रहिवाशांच्या जमिनी हव्या होत्या. शॉनी जमातीचा टेकम्से वेगवेगळ्या जमातींची एकजूट करत होता. त्याच्या भावाच्या वस्तीवर अमेरिकन फौज चालून गेली आणि ७ नोव्हेंबर १८११ ला टिपेकनूची लढाई झाली. कॅनडातले इंग्रज या जमातींना बंदुका-दारू पुरवतात असा अमेरिकनांचा आरोप होता, आणि त्यात तथ्यही होतं. कॅनडा घेतला तर इंग्रजांना वाटाघाटीत खेचता येईल आणि टेकम्सेचा आधारही तुटेल, असा हिशेब होता. कॅनडा कायमचा गिळायचा होता की सौदा करायला धरायचा होता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. माझ्या मते समुद्रावरच्या तक्रारीशिवाय युद्ध झालंच नसतं, पण केवळ त्या तक्रारीवर ७९ मतंही पडली नसती.

सुकाणू

मान्य. आणि आता तारखा. या युद्धाचा खरा खलनायक शोधायचा तर मी अंतर म्हणेन.

११ मे १८१२: ब्रिटनचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा संसदेच्या दालनाबाहेर खून झाला. नव्या सरकारवर कारखानदारांचा दबाव होता, कारण अमेरिकेची बाजारपेठ गेली होती.
१८ जून: अमेरिकेने युद्ध पुकारलं.
२३ जून: ब्रिटनने ते परवान्याचे हुकूम मागे घेतले.

पाच दिवस. मुख्य तक्रार मिटली होती, पण अटलांटिक पार करायला जहाजाला चार-सहा आठवडे लागत. 'बातमी वेळेत पोचली असती तर युद्ध टळलं असतं' असं मात्र फलकावर ठाम लिहू नका. ऑगस्टमध्ये कॅनडाच्या सीमेवर दोन्हीकडच्या सेनापतींनी तात्पुरती तहकुबी केली होती. ती राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी नाकारली, कारण खलाशांचा प्रश्न तसाच होता.

बातमीच्या उशिराचं दुसरं उदाहरण लष्करी आहे. अमेरिकेचा जनरल हल कॅनडाच्या सीमेवरच्या डेट्रॉइटकडे कूच करत होता, त्याला युद्ध सुरू झाल्याचं कळलंच नव्हतं. त्याने स्वतःचे कागदपत्र आणि सामान 'कायाहोगा' नावाच्या शिडाच्या जहाजावर चढवून पुढे पाठवलं. समोरच्या काठावरच्या इंग्रजांना बातमी आधी मिळाली होती. २ जुलैला त्यांनी जहाज धरलं आणि हलच्या फौजेचा सगळा तपशील त्यांच्या हातात पडला. १६ ऑगस्टला हलने डेट्रॉइट लढाईशिवाय स्वाधीन केलं.

सागवान

तुमच्या (आ) वाक्याकडे येतो, कारण मुंबईच्या गोदीचा खरा संबंध तिथेच आहे.

जहाजाचं नाव 'जावा'. मूळचं फ्रेंच, १८११ मध्ये मादागास्करजवळ इंग्रजांनी धरलेलं. नोव्हेंबर १८१२ मध्ये पोर्टस्मथहून मुंबईच्या वाटेला लागलं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली.

जहाजावर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते. ते मुंबईचे गव्हर्नर नव्हते. मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्या वेळी गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन, आणि ते मुंबईत होते. अमेरिकन लेखनात 'गव्हर्नर ऑफ बॉम्बे' असं पूर्वीपासून चुकीचं छापलं जातं, तिथून ते आपल्याकडे आलं. हिस्लॉपना ब्राझीलमधल्या साल्वादोरला उतरवून, पुन्हा लढणार नाही या शब्दावर सोडलं गेलं. मराठी वाचकाला हे नाव दुसरीकडे भेटतं: २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा इंग्रज सेनापती तो हाच.

'जावा' का हरलं? अमेरिकन जहाजाच्या मुख्य तोफा २४ पौंडी, 'जावा'च्या १८ पौंडी. 'कॉन्स्टिट्यूशन'चं अंग लाइव्ह ओक नावाच्या अतिशय जड लाकडाचं, काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जाड. 'जावा' वेगाने सरस होतं आणि सुरुवातीला त्याने 'कॉन्स्टिट्यूशन'चं सुकाणूचं चाकच उडवलं. पण 'कॉन्स्टिट्यूशन'चा कॅप्टन बेनब्रिजने खालच्या मजल्यावर दोर-कप्प्यांनी सुकाणू ओढवत, वरून खाली हुकूम पोचवत जहाज चालतं ठेवलं. 'जावा'वरचे खलाशी नवखे, तोफांचा सराव जवळजवळ शून्य. पुढचा सोट (नाळेतून पुढे आलेला आडवा खांब) तुटला, मग पुढची डोलकाठी कोसळली, शिडं तोफांवर पडली. शीड पडलेल्या बाजूने तोफ डागली की पेट घेण्याची भीती, म्हणून निम्मं जहाज मुकं झालं. 'जावा'चा कॅप्टन लॅम्बर्ट प्राणघातक जखमी झाला. घराकडे ओढून नेण्यासारखी अवस्था नव्हती, तेव्हा अमेरिकनांनी 'जावा'चं चाक काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि 'जावा' जाळून टाकलं.

आता माल. 'जावा'च्या कोठ्यात मुंबईच्या गोदीत बांधून होत आलेल्या 'कॉर्नवॉलिस' या ७४ तोफांच्या जहाजासाठी तांब्याचे पत्रे होते. तेही गेले. परिणामी 'कॉर्नवॉलिस' रखडलं. ते १२ मे १८१३ ला पाण्यात उतरलं. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखालच्या गोदीत सागवान होतं, सुतार होते, कसब होतं, पण पत्रा विलायतेहून यायचा. शिवाय पुढे मुंबईतच बांधल्या गेलेल्या 'त्रिंकोमाली' या जहाजाचे आराखडेही 'जावा'वरच होते. ते गेल्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले. 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

मिऱ्याकाठ

सागवान, हे फारच उपयोगी. पण पत्रा नसला म्हणून एवढं मोठं जहाज अडून का राहावं? आपल्याकडची गलबतं तर पत्र्याशिवायच चालत. मुलं हा प्रश्न नक्की विचारतील.

सागवान

विचारायलाच हवा. आपली गलबतं पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली जात. दर वर्षी तळ वाळवून, खरवडून, चुना आणि तेल लावता येई. ७४ तोफांचं जहाज असं ओढता येत नाही, ते वर्षानुवर्षं पाण्यातच असतं. गरम समुद्रात दोन शत्रू: एक लाकूड पोखरणारी कीड. ती दिसायला अळीसारखी, पण शिंपल्याच्या जातीची. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत फळीची चाळण. दुसरा म्हणजे तळाला चिकटणारं शेवाळ आणि कालवं, ज्यांनी वेग पार मरतो. साग बाकी लाकडांपेक्षा कुजायला कणखर, पण पाण्याखालच्या या दोन गोष्टींवर त्या काळी खात्रीचा उपाय तांब्याचाच होता.

पत्र्याचं माप साधारण ४ फूट × १४ इंच. वजन दर चौरस फुटाला २२ ते ३२ औंस, जाडीप्रमाणे. म्हणजे एक पत्रा साधारण ३ ते ४ किलोचा. 'व्हिक्टरी' या १०० तोफांच्या जहाजाला असे ३,९२३ पत्रे लागले होते. ७४ तोफांच्या जहाजाला त्याहून कमी, तरी संख्या हजारांतच.

काम असं चालतं: फळ्यांमधल्या फटी भरून घ्यायच्या, त्यावर डांबर आणि जाड कागदाचा थर, मग पत्रे. पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्यावर चढते, म्हणजे जहाज पुढे जाताना पाणी कडेखाली घुसून पत्रा उचकटत नाही. कौलं घालताना पावसाचं पाणी जोडात शिरू नये म्हणून जे करतो तेच. खिळे तांब्याच्या मिश्रधातूचेच हवेत.

बिघडतं कुठे? लोखंडात. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने झिजतं. सुरुवातीला इंग्रजांनी लोखंडी बोल्ट तसेच ठेवून वर तांबं चढवलं. बोल्ट आतून खलास झाले आणि बाहेरून पत्रा चकचकीत, त्यामुळे कळायचंही नाही. १७८० च्या दशकात त्यांनी पाण्याखालचे बोल्टही मिश्रधातूचे करायला घेतले. ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंड आणखी खातं. सागाच्या तेलात लोखंड टिकतं, हा मुंबईच्या जहाजांचा मोठा फायदा. पठाण (म्हणजे तळाचा कणा) आणि फासळ्या सागाच्या असल्या की जहाज कित्येक पिढ्या टिकतं, 'त्रिंकोमाली' समोर आहेच.

'कॉर्नवॉलिस'ने नंतर हिशेब काहीसा फेडला. एप्रिल १८१५ मध्ये दक्षिणेकडच्या समुद्रात 'हॉर्नेट' हे अमेरिकन जहाज त्याला व्यापारी समजून जवळ आलं आणि मग जीव घेऊन पळालं. तीन दिवसांच्या पाठलागात 'हॉर्नेट'ला आपल्या तोफा, होड्या, नांगर समुद्रात टाकून हलकं व्हावं लागलं. याच 'कॉर्नवॉलिस'वर २९ ऑगस्ट १८४२ ला चीनशी नानकिंगचा तह झाला.

(अ) चं उत्तर: लिहू नका. 'मिंडेन' मुंबईत बांधलं हे खरं, १९ जून १८१० ला पाण्यात उतरलं. पण सप्टेंबर १८१४ च्या बॉल्टिमोरच्या मोहिमेत टोनंट, सरप्राइझ, युरायलस, इरेबस ही नावं येतात, 'मिंडेन' येत नाही. राष्ट्रगीताचा कवी 'फ्रान्सिस स्कॉट की' हा एका कैदी डॉक्टरला सोडवायला गेला होता. त्याला आधी ब्रिटिश जहाजांवर ठेवलं, मग १३–१४ सप्टेंबरच्या रात्री बॉल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावरचा मारा त्याने आपल्याच तहाचं निशाण लावलेल्या जहाजावरून, पहाऱ्यात, पाहिला. कविता तिथे सुचली. १९३१ मध्ये ती राष्ट्रगीत झाली. मुंबईच्या गोदीची थोरवी सांगायला या दंतकथेची गरजच नाही.

तांडेल

(इ) मी घेतो. हे वाक्य जवळजवळ बरोबर आहे, पण अर्धवट.

तह गेंट इथे (आजच्या बेल्जियममध्ये) २४ डिसेंबर १८१४ ला झाला. सह्या झाल्या म्हणून तोफा थांबत नाहीत. मंजुरीच्या प्रतींची देवाणघेवाण १७ फेब्रुवारी १८१५ ला वॉशिंग्टनला झाली. मधल्या काळात, ८ जानेवारीला, न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई होऊन गेली. तह करणाऱ्यांना अंतर ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या कलमात समुद्रांप्रमाणे मुदती लावल्या: अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मंजुरीपासून १२ दिवस, उत्तर अटलांटिकच्या उरलेल्या भागात ३०, भूमध्य आणि बाल्टिकसाठी ४०, विषुववृत्ताखालच्या अटलांटिकसाठी आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपपर्यंत ६०, विषुववृत्ताच्या दक्षिणेला बाकी सगळीकडे ९०, आणि उरलेल्या जगात १२०. त्या मुदतीनंतर पकडलेलं जहाज परत द्यायचं.

हिशेब करा. आपला किनारा विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे १२० दिवस: १७ जून १८१५. कागदोपत्री तोवर रत्नागिरीसमोरही अमेरिकन जहाज इंग्रजी जहाजाला धरू शकलं असतं. तोवर पाऊस लागून आपली बंदरं बंदच होतात ही गोष्ट वेगळी.

सुंदाची सामुद्रधुनी (आजच्या इंडोनेशियातली, जावा आणि सुमात्रा बेटांमधली) विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ९० दिवस: १८ मे. ३० जून १८१५ ला तिथे अमेरिकेचं 'पीकॉक' आणि कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचं, म्हणजे बॉम्बे मरीनचं, 'नॉटिलस' समोरासमोर आले. 'नॉटिलस' १४ तोफांचं, 'पीकॉक' २२ तोफांचं आणि तोफाही जड. 'नॉटिलस'चा लेफ्टनंट बॉइस ओरडून सांगत होता की तह झाला आहे. 'पीकॉक'चा वॉरिंग्टन म्हणाला, तसं असेल तर निशाण उतरव. बॉइसने नकार दिला. पाव तासात 'नॉटिलस' शरण आलं, बॉइसचा पाय गेला. मेलेल्यांत आणि जखमींत देशी खलाशीही होते, ज्यांना इंग्रज लास्कर म्हणत. दुसऱ्या दिवशी तहाचा पुरावा मानून वॉरिंग्टनने जहाज परत केलं.

म्हणून वाक्य असं हवं: 'युद्धातली शेवटची समुद्री चकमक तहाची मुदत उलटून सहा आठवडे झाल्यावर घडली, आणि तिच्यात मुंबईच्या आरमाराचं जहाज व देशी खलाशी होते.' 'लढाई दिली' या शब्दांत जो अभिमान येतो तो इथे बसत नाही. ही माणसं विनाकारण मेली. लास्करांची नावं कुणी जपली नाहीत म्हणून निदान त्यांचा उल्लेख तरी फलकावर असावा, एवढी विनंती.

मुलांना जवळचं उदाहरण द्यायचं असेल तर विजयदुर्गचं द्या. सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला. तरी ८ एप्रिल १७८३ ला धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूला कंपनीचं 'रेंजर' गाठलं, घनघोर लढाई झाली, जनरल नॉर्मन मॅक्लाउड जखमी झाला आणि जहाज विजयदुर्गला नेलं गेलं. तह कागदावर होतो तेव्हा आणि समुद्रावर पोचतो तेव्हा, या दोन वेगळ्या तारखा असतात.

वेंगुर्ले पेठ

परिणामांबद्दल. तहात लिहिलं काय? सीमा युद्धाआधी होत्या तशा. वेठीला धरलेल्या खलाशांबद्दल एक शब्द नाही. नेपोलियन पडला होता, इंग्रजांना आता माणसं पळवायची गरज उरली नव्हती, म्हणून प्रश्न न सुटताच विरला. अमेरिकेचं राष्ट्रीय कर्ज १८१२ मध्ये साडेचार कोटी डॉलरच्या आसपास होतं, ते १८१५ मध्ये पावणेतेरा कोटींच्या घरात गेलं. न्यू इंग्लंडच्या ज्या पक्षाने युद्धाला विरोध केला, तो त्याच्याच विरोधकांच्या हार्टफोर्ड गावातल्या बैठकीनंतर देशद्रोही ठरून संपला.

खरे हरले ते मूळ रहिवासी. टेकम्से ५ ऑक्टोबर १८१३ ला मारला गेला. तहाच्या नवव्या कलमात त्यांचे १८११ चे हक्क परत देण्याचं वचन होतं, ते पाळलं गेलं नाही. दक्षिणेत क्रीक लोकांकडून ऑगस्ट १८१४ मध्ये फोर्ट जॅक्सनला सुमारे २.३ कोटी एकर जमीन लिहून घेतली. याच बाजूला पुढे गुलामांच्या श्रमावर कापूस उभा राहिला.

इथून धागा थेट आपल्याकडे येतो. अमेरिकन कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालू लागल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू होऊन तो कापूस थांबला तेव्हा मुंबईतून कापूस पाठवून लोक रातोरात श्रीमंत झाले, आणि १८६५ मध्ये यादवी संपताच तितक्याच झपाट्याने बुडाले. गिरण्या आणि त्यांत रत्नागिरीहून गेलेला चाकरमानी हे त्याच काळाच्या आसपासचं चित्र. १८१२ मुळे हे सगळं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण जमीन कुणाच्या हातून कुणाकडे गेली ही कडी पक्की आहे.

दुसरा परिणाम कमी सांगितला जातो. युद्धात विलायती कापड बंद झालं तेव्हा अमेरिकेत गिरण्या निघाल्या. त्यांना जपायला १८१६ चा जकात कायदा आला. सुती कापडावर २५ टक्के जकात, पण त्यात मेख होती: कापड कितीही स्वस्त असो, किंमत वाराला किमान २५ सेंट धरायची. म्हणजे वाराला सव्वासहा सेंट जकात ठरलेलीच. ८-१० सेंटच्या जाड्याभरड्या हिंदुस्थानी कापडावर ती साठ टक्क्यांच्याही वर जाते. उंची विलायती कापडाला फारसा धक्का नाही, आपल्या विणकराच्या मालाला मात्र दार बंद.

आणि मराठी छापखान्याचा संबंध राहायला नको. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा ते शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. कलकत्त्याहून त्यांना हाकलण्याचे हुकूम निघाले होते. गव्हर्नर नेपियन यांनी प्रकरण लांबवलं, कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि ते राहिले. पुढे त्यांच्या मिशनचा मराठी छापखाना मुंबईत उभा राहिला.

एक सावधगिरी: १८१२ मध्येच कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांनी घेतलं. साल एक म्हणून अमेरिकेच्या युद्धाशी त्याची सांगड घालू नका. त्याची कारणं इथलीच, किनाऱ्यावरच्या जहाजलुटीच्या तक्रारीची.

मिऱ्याकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फलकाचा गाभा आता असा धरतो: एका बाजूला परवाना, खलाशी आणि जमीन ही तीन कारणं. मध्ये 'जावा'चा मार्ग दाखवणारा नकाशा, आणि त्याखाली खऱ्या मापाचा, ४ फूट × १४ इंच, पुठ्ठ्याचा एक पत्रा. उजवीकडे १२, ३०, ४०, ६०, ९०, १२० दिवसांची समुद्रांची पट्टी आणि 'नॉटिलस'. राष्ट्रगीताचं वाक्य गाळलं, गव्हर्नरचं 'सरसेनापती' केलं. पत्र्याच्या पुठ्ठ्याला तांबूस रंग द्यावा की हिरवट?

सागवान

दोन्ही. नवा पत्रा तांबूस, पाण्यात राहिलेला हिरवट. दोन पुठ्ठे करून कड एकमेकांवर चढवून लावा, पुढचा मागच्यावर. जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला ते बाणाने दाखवा, नाहीतर चढ उलटा लागेल.

तांडेल

आणि मुदतीच्या पट्टीवर कोकण किनारा १२० च्या रकान्यात दाखवा, १७ जून ही तारीख घालून. सुंदा ९० मध्ये. शेजारी ३० जून लाल रंगात.